विम्याचा दाखला आणि न केलेल्या गुन्ह्याचा दंड

(ज्ञातीच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संमेलनाच्या व्यासपीठावरून गुणवंत विद्यार्थ्यांचा गौरव व्हावा, वसतिगृहाच्या निधीची वाच्यता व्हावी, विवाहातील खर्चाविषयी चार शब्द बोलले जावेत, ही आपली परिपाठी आहे. ती सोडून मोटारीच्या विम्यासारखा रुक्ष विषय मी आज हाती घेतला, याचे काहींना नवल वाटेल. परंतु कार्यकारी मंडळाने मला बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा गेल्या काही वर्षांत ज्ञातीतील मंडळी वकील या नात्याने माझ्याकडे कोणकोणत्या कामांसाठी आली, याची मी मनाशी उजळणी केली. जमिनीची वाटणी आणि वारसनोंद यांच्या खालोखाल क्रमांक लागला तो रस्त्यावरील दंडाच्या कागदाचा! शिरूर आणि दौंड हे तालुके एकमेकांच्या शेजारचे. पण दौंडला रेल्वेचे जंक्शन आहे आणि शिरूरला रेल्वे नाही. त्यामुळे न्हावरे, पारगाव, केडगाव, चौफुला या वाटेने आपले सोयरसंबंध, बाजारहाट आणि दवाखाना हे सर्व चारचाकीवर किंवा मोटारसायकलवर चालते. ज्या घरात एकही वाहन नाही असे घर आता आपल्यात विरळा.

प्रथम विम्याची ही सक्ती आली कोठून, ते पाहू. हा सरकारचा आणखी एक कर आहे, अशी पुष्कळांची समजूत आहे. ती बरोबर नाही. आपल्या देशात मोटार वाहनांचा कायदा १९३९ साली झाला आणि त्यातील सक्तीच्या विम्याचे प्रकरण १ जुलै १९४६ पासून अमलात आले. त्यापूर्वी गाडीखाली सापडलेल्या माणसाच्या वारसांना कोर्टातून हुकूमनामा मिळे, पण तो वसूल कोणाकडून करावयाचा? गाडीचा मालक कफल्लक निघाला की हुकूमनाम्याचा कागद पेटीत पडून राही. हे थांबावे म्हणून विम्याची सक्ती झाली. आजच्या १९८८ च्या कायद्यात ती कलम १४६ मध्ये आहे. तिला ‘थर्ड पार्टी’ म्हणजे तृतीय पक्षाचा विमा म्हणतात. पहिला पक्ष मालक, दुसरा विमा कंपनी आणि तिसरा म्हणजे रस्त्याच्या कडेने चाललेला कोणीही. गळिताच्या हंगामात रात्रीच्या अंधारात उसाची बैलगाडी हाकणारा मजूर हा तो तिसरा पक्ष आहे. हवालदार जेव्हा विम्याचा दाखला मागतो, तेव्हा तो वास्तविक त्या मजुराच्या वतीने मागत असतो. म्हणून त्याच्यावर डोळे वटारण्याचे कारण नाही. माझे आजचे बोलणे विमा चुकविणाऱ्यांची वकिली करण्यासाठी नाही, हे आरंभीच सांगून ठेवतो. ज्याने विमा उतरविलेलाच नाही, त्याने दंड भरावा आणि त्याच दिवशी विमा उतरवावा. माझा विषय आहे तो ज्याचा विमा चालू असूनही ‘विमा नाही’ म्हणून दंड झाला, त्या गृहस्थाचा.

येथे एक भेद नीट ध्यानी घ्यावा, कारण सारा घोटाळा त्यातून उद्भवतो. विमा नसणे हा एक अपराध आणि विम्याचा कागद त्या क्षणी जवळ नसणे ही निराळी गोष्ट. पहिल्यासाठी कलम १९६ आहे. त्यात पहिल्या वेळी दोन हजार व पुन्हा घडल्यास चार हजार रुपये दंड आणि तीन महिन्यांपर्यंत कैदेचीही तरतूद आहे. कागद दाखविता न येणे हे त्या मानाने किरकोळ प्रकरण असून ते सामान्य दंडाच्या कलम १७७ खाली येते. त्यातही कायद्याने सवलत ठेवली आहे. कलम १५८ सांगते की, मागणी झाल्यापासून सात दिवसांच्या आत आपण सांगितलेल्या पोलीस ठाण्यावर दाखला हजर केला, तर केवळ तो जवळ नव्हता एवढ्याच कारणावरून कोणास दोषी धरता येत नाही. मालवाहू व भाडोत्री गाड्यांना मात्र ही सवलत सरसकट नाही. १९८९ च्या केंद्रीय नियमांतील नियम १३९ मध्ये साक्षांकित प्रत रजिस्टर टपालाने पाठविण्यास पंधरा दिवसांची मुदत आहे. पण शहाण्याने सातच दिवस धरून चालावे. २०१८ च्या नोव्हेंबरात त्याच नियमात दुरुस्ती होऊन मोबाइलमधील प्रतही ग्राह्य झाली. डिजिलॉकर किंवा एम-परिवहन यांतील दाखला म्हणजे कागदच होय.

आता एक उदाहरण सांगतो. नाव सांगत नाही. तालुकाही सांगत नाही, कारण दोन्ही तालुक्यांची मंडळी समोर बसलेली आहेत. आपल्यापैकी एका शिक्षकांनी २०२२ च्या सप्टेंबरात नवी मोटार घेतली. २०२४ च्या आरंभी कुटुंबासह लग्नाला जात असता वाटेत त्यांना थांबविण्यात आले. त्यांनी मोठ्या विश्वासाने विम्याचा कागद काढून दिला. तो चालू वर्षाचा होता, हप्ता भरलेला होता. अंमलदाराने तो वाचला आणि म्हटले, ‘‘यात थर्ड पार्टी नाही.’’ आणि कलम १९६ लावले. गुरुजी चकित झाले. अंमलदार लबाड होता काय? मुळीच नव्हे. त्याने वाचले ते खरेच होते.

याचे इंगित एका न्यायनिर्णयात आहे. कोइमतूरचे अस्थिशल्यविशारद डॉ. एस. राजशेखरन यांनी रस्त्यावरील अपघातांविषयी सर्वोच्च न्यायालयात २०१२ साली अर्ज केला होता. अपघातात मोडलेली हाडे जोडणाऱ्या माणसाने अपघातच कमी व्हावेत म्हणून कोर्टाची पायरी चढावी, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. त्या प्रकरणात २० जुलै २०१८ रोजी न्यायालयाने आदेश दिला की, नवी मोटार विकताना तृतीय पक्षाचा विमा तीन वर्षांचा आणि दुचाकी विकताना पाच वर्षांचा उतरविला गेला पाहिजे. १ सप्टेंबर २०१८ पासून हे सुरू झाले. दरवर्षी नूतनीकरण विसरणाऱ्यांचा बंदोबस्त व्हावा, हा हेतू. परंतु त्यामुळे एका गाडीच्या विम्याला दोन मुदती आल्या. आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा एक वर्षाचा आणि तृतीय पक्षाचा तीन वर्षांचा, असा जोडकागद विक्रेता पहिल्या दिवशी हाती देतो. दुसऱ्या वर्षी मालक फक्त स्वतःच्या नुकसानीचा विमा घेतो. पुष्कळदा स्वस्त पडतो म्हणून दुसऱ्याच कंपनीकडून. त्या नव्या कागदावर तृतीय पक्षाचे संरक्षण नसते, कारण ते पहिल्या कागदात अजून जिवंत असते. गुरुजींनी नवा कागद मोटारीत ठेवला आणि जुना, मुदत संपली असे समजून, घरच्या ट्रंकेत टाकला. त्यांचे संरक्षण सप्टेंबर २०२५ पर्यंत शाबूत होते, पण ट्रंकेत!

कोर्टाचे समन्स आले, तेव्हा घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनी एकमुखाने सल्ला दिला, ‘‘दोन हजार भरून मोकळे व्हा. कोर्टाच्या खेपांनी याहून अधिक जाईल.’’ हिशेब म्हणून सल्ला चुकीचा नव्हता. तरीही गुरुजी माझ्याकडे आले आणि म्हणाले, ‘‘रुपये जाऊ देत. पण मी विद्यार्थ्यांसमोर उभा राहतो. जे केले नाही ते ‘केले’ असे लिहून देऊ काय?’’ मी त्यांना प्रथम घरी जाऊन ट्रंक उघडावयास सांगितले.

पुढील काम अवघड नव्हते. फक्त नेटाने करावयाचे होते. दोन्ही कागदांच्या प्रती काढल्या. ज्या कंपनीचा पहिला कागद होता, तिच्या कचेरीतून एक पत्र मिळविले. त्यात गाडीचा क्रमांक, चेसिस क्रमांक आणि ‘अमुक दिवशी तृतीय पक्षाचा विमा चालू होता’ एवढे एकच स्पष्ट वाक्य होते. हे पत्र फार मोलाचे असते, कारण विम्याच्या कागदाची भाषा विमावाल्यांनाच कळते आणि न्यायाधीशांपुढे त्या दिवशी शेकडो प्रकरणे असतात. तारखेस गुरुजी स्वतः उभे राहिले. ‘‘गुन्हा कबूल आहे काय?’’ या प्रश्नाला त्यांनी ‘‘कबूल नाही’’ एवढेच उत्तर दिले आणि अर्जासोबत कागद दाखल केले. सरकारी वकिलांनी पडताळणीसाठी तारीख घेतली. तिसऱ्या तारखेस निर्दोष मुक्ततेचा हुकूम झाला. खर्च म्हणाल तर झेरॉक्सचा आणि एस.टी.चा, माझी फी मी गुरुजींकडून घेतली नाही, कारण माझ्या पुतण्याला त्यांनीच गणित शिकविले आहे.

याच्या उलट दुसरे प्रकरण. एका दुकानदार बंधूंवर असाच चुकीचा खटला झाला. दुकान बंद ठेवून कोर्टात कोण जाणार, म्हणून त्यांनी पैसे भरून टाकले. दहा महिन्यांनी तीच गाडी, तोच कागद आणि तोच आक्षेप. या वेळी यंत्रावर त्यांचा पहिला अपराध नोंदलेला दिसला आणि रक्कम चार हजार झाली. पुष्कळांना वाटते की, कोर्टात न जाता तडजोड शुल्क भरले म्हणजे पाटी कोरी राहते. २०१९ च्या दुरुस्तीने तसे राहिलेले नाही. कलम २०० खाली तडजोड केली तरी पुढील वेळी तो पूर्वीचा अपराध म्हणूनच मोजला जातो, असे त्या कलमात स्पष्ट लिहिले आहे. दुसरा खटला लढवून ते सुटले; पहिला तसाच राहिला.

तो का राहिला, हेही सांगतो. एकदा गुन्हा कबूल करून दंड झाला की ज्या न्यायाधीशांनी हुकूम केला त्यांनाही तो बदलता येत नाही; लेखनातील चूक तेवढी दुरुस्त करता येते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत हे कलम ४०३ मध्ये आहे. कबुलीवर झालेल्या शिक्षेविरुद्ध अपील चालते ते शिक्षेचे प्रमाण किंवा तिची कायदेशीरता एवढ्यापुरतेच. उरतो तो सत्र न्यायालयात फेरतपासणीचा, म्हणजे रिव्हिजनचा मार्ग. त्याला नव्वद दिवसांची मुदत आहे आणि कबुली कशी दिली गेली याचा खुलासा करावा लागतो. मार्ग बंद नाही. पण दाराशी असता जे काम झेरॉक्सवर झाले असते, त्यासाठी मग चांगली वकील-फी मोजावी लागते. मोबाइलवर व्हर्च्युअल कोर्टाचा निरोप येतो, त्यातही दोन वाटा असतात: कबूल करून भरणे किंवा प्रकरण लढविणे. दुसरी निवडली की ते नेहमीच्या कोर्टाकडे जाते. भरण्याचे बटण दाबणे ही कबुली आहे, हे घरातील तरुणांना समजावून सांगा. कारण वडिलांच्या वतीने ते बटण बहुधा तेच दाबतात. दंडाची नोंद महाट्रॅफिकवर दिसत असेल, तर तेथेच तक्रार नोंदविण्याची सोय आहे. ती आधी वापरावी. लोकअदालतीविषयीही विचारणा होते. ज्याचा दोष आहे त्याला ती उपकारक आहे. पण तडजोड म्हणजे काही तरी देणे आलेच, आणि तेथील निवाड्यावर अपील नाही. चालू विमा असलेल्याने तेथे अर्धा दंड भरून समाधान मानावे, हे मला पटत नाही.

आणखी दोन घोटाळे थोडक्यात सांगतो. नव्या गाडीचा विमा नोंदणी क्रमांक पडण्यापूर्वीच उतरविलेला असतो, म्हणून त्या कागदावर क्रमांकाच्या जागी नुसते ‘नवीन’ असते. कंपनीकडून क्रमांक चढवून घ्यावा; तोपर्यंत चेसिस क्रमांक दाखवावा. आपल्या भागात पुण्याच्या १२ आणि बारामतीच्या ४२ क्रमांकाच्या गाड्या शेजारी शेजारी उभ्या असतात. कागदावरचा एक आकडा चुकला तरी तो तपासून पाहणे बरे. दुसरे, जुनी गाडी विकत घेतली आणि विमा अद्याप पूर्वीच्या मालकाच्या नावावर असला, तरी तृतीय पक्षाचे संरक्षण कलम १५७ प्रमाणे गाडीबरोबरच नव्या मालकाकडे येते. मात्र चौदा दिवसांत कंपनीला अर्ज करावयाचा असतो, आणि तो अर्ज करणारे मी फार थोडे पाहिले आहेत.

भगिनींसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगावयाची आहे. गाडी पत्नीच्या नावे घेण्याचा प्रघात वाढला आहे. त्यामुळे समन्सही तिच्याच नावाने येते आणि घरात गोंधळ उडतो. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. त्यासाठी तालुक्याच्या कोर्टातील विधी सेवा समितीकडे साधा अर्ज पुरतो.

व्याख्यानापूर्वी एका मातोश्रींनी मला विचारले होते की, मुलाची मोटारसायकल २०२० च्या दिवाळीत घेतली, तिचा विमा आहे की नाही? तृतीय पक्षाचा पाच वर्षांचा विमा तेव्हा उतरविला असला पाहिजे आणि त्याची मुदत २०२५ च्या दिवाळीच्या सुमारास संपली. पुढचा कागद घेतला आहे काय, हे त्यांनी आज घरी गेल्यावर मुलाला विचारावे. नसेल, तर तो मिळेपर्यंत त्याने एस.टी.ने जावे.