अर्ध्या साडीचा नाच

(मंडळाच्या गणेशोत्सवातील सांस्कृतिक कार्यक्रमात, नृत्य सादर होण्यापूर्वी केलेले भाषण)



आजच्या कार्यक्रमपत्रिकेत सहाव्या क्रमांकावर ‘ओढणी नृत्य – मंडळाचे सभासद’ एवढंच छापलं आहे. ‘बेली डान्स’ हा शब्द छापावा की नाही, यावर कार्यकारिणीच्या बैठकीत पाऊण तास चर्चा झाली. शेवटी शब्द छापायचा नाही, पण नाचाआधी कोणीतरी उभं राहून दहा मिनिटं खुलासा करायचा, असं ठरलं. ते कोणीतरी म्हणजे आम्ही. आम्ही नऊ जण आहोत. सहा बायका, तीन पुरुष. सगळ्यांत धाकटा सभासद एक्केचाळीसचा, सगळ्यांत मोठ्या काकू त्रेसष्टच्या. कोणी बँकेतले, कोणी शाळेतले, कोणी घर सांभाळणारे, दोघे सरकारी खात्यातले. बोलायला त्यातलाच एक सरकारी नोकर पुढे केला आहे, कारण खुलासे देण्याचा सराव त्याला जास्त.

आधी नावाचं बघू. ‘बेली डान्स’ हे नाव त्या नाचाचं घरचं नाव नव्हे. फ्रेंच लोकांनी त्याला ‘पोटाचा नाच’ म्हटलं, 1893 साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात तो गाजला आणि इंग्रजीत तेच नाव चिकटलं. इजिप्तमध्ये रंगमंचावरच्या नाचाला ‘रक्स शर्की’ म्हणतात, म्हणजे पूर्वेकडचा नाच. घरात, लग्नात, बायका-पोरं मिळून करतात तो ‘रक्स बलदी’. ‘बलदी’ म्हणजे आपल्या गावचा, देशी. आपल्याकडे चवथीला ओटीवर फुगड्या रंगतात, तसाच काहीसा प्रकार. 1926 साली बदिया मसाबनी या बाईंनी कैरोत आपलं नाट्यगृह उघडलं आणि तिथे हा नाच मोठ्या मंचाला शोभेल असा वाढला. त्यांच्याकडून पुढे आलेल्या सामिया गमाल हातात तलम ओढणी घेऊन प्रवेश करत. ओढणीची चाल त्यांच्यामुळे रूढ झाली असं सांगितलं जातं. इजिप्तमध्ये ती प्रवेशापुरतीच असते. दोन-तीन फेऱ्या झाल्या की ओढणी बाजूला. संपूर्ण नाच ओढणीवरच रचण्याची पद्धत पुढे अमेरिकेत वाढली. आम्ही शिकलो ती ही दुसरी पद्धत.

इंग्रजीत या ओढणीला म्हणतात ‘व्हेल’. आमच्या ग्रुपवर पहिल्याच आठवड्यात निरोप आला, ‘शनिवारी प्रत्येकाने आपापला व्हेल आणावा.’ एका सभासदाच्या सासूबाईंनी तो वाचला आणि विचारलं, एवढा मोठा मासा मार्केटात मिळतो तरी का? तेव्हापासून आम्ही ओढणीच म्हणतो.

आता या ओढणीचं माप. नाचाची ओढणी साधारण पावणेतीन मीटर लांब आणि पंचेचाळीस इंच रुंद लागते. दोन्ही हात पूर्ण पसरले तरी टोकं दोन्हीकडे खाली लोंबायला हवीत. ताईंनी, म्हणजे आमच्या शिक्षिकेनं, ही मापं फळ्यावर लिहिली. (वयानं त्या आमच्यापेक्षा लहान, पण शिकवणारी ती ताई.) डिप्लोमा सिव्हिलवाल्या सभासदानं लगेच भागाकार केला. सहावारी साडी साडेपाच मीटरची, रुंदी पंचेचाळीस इंच. म्हणजे एका साडीत बरोबर दोन ओढण्या, एक इंचही वाया नाही. त्या रात्री पणजीतल्या पाच-सहा घरांत कपाटं उघडली गेली. कोणाची पंचवीस वर्षांपूर्वीच्या लग्नातली जॉर्जेट, कोणाच्या आईची शिफॉन. नऊ ओढण्यांना पाच साड्या लागल्या. उरलेला अर्धा तुकडा रफू करण्यासाठी जपून ठेवला आहे. आज मंचावर जे उडणार आहे ते तुमच्यापैकी काही जणांनी आमच्या बायकांच्या, बहिणींच्या अंगावर लग्नामुंजीत पाहिलेलं कापड आहे.

रेशीम सगळ्यांत चांगलं, हे खरं. हलक्यातलं हलकं नाचाचं रेशीम चौरस मीटरला जेमतेम बावीस ग्रॅम भरतं. म्हणजे एवढी मोठी ओढणी सत्तर ग्रॅमच्या आत, दीड लिंबाचं वजन! ते हवेत सोडलं की तरंगतं, खाली यायला वेळ घेतं. जॉर्जेट त्याहून बरीच जड, ती लवकर पडते. पण पणजीचा आषाढ तुम्हांला माहीत आहे. भिंतीला ओल, कपाटात बुरशी, अंगाला सदरा चिकटलेला. अशा हवेत रेशीम दंडाला जे चिकटतं ते सुटत नाही. जॉर्जेट तेवढी चिकटत नाही. म्हणून आमची निवड गरिबीची नव्हे, हवामानाची.

शिकायचं काय असतं? ओढणी तर्जनी आणि मधल्या बोटाच्या बेचक्यात धरायची, मुठीत नाही. मुठीत धरली की कापड मरतं. ती हलवायची नाही. आपण चालायचं, म्हणजे ती हलते. आपण आणि ओढणी यांच्यामध्ये हवा असते, खरं काम त्या हवेशी आहे. हात कोपरापासून उचलायचा, मनगट शेवटी. ओढणीकडे बघायचं नाही. गुडघे जरा सैल, पाठ ताठ, कंबर खाली सोडलेली. मग कमरेनं आठाचा आकडा काढायचा. आठ आडवा काढता येतो, उभा काढता येतो, पुढून मागे काढता येतो. कागदावर काढायला एक सेकंद लागतो. कमरेनं काढायला आम्हांला पाच शनिवार लागले. ताल आठ मात्रांचा: डुम टेक, एक रिकामी, टेक डुम, एक रिकामी, टेक, आणि पुन्हा एक रिकामी. आपल्या कानाला केरवा बसलेला असल्यामुळे मात्रा मोजायला त्रास झाला नाही, पण जिथे आपली खाली येते तिथे यांचा भारी ठोका पडतो. ओढणीच्या संथ भागाला वेगळा ताल असतो, ‘चिफ्तेतेल्ली’ म्हणतात. नाव उच्चारता येईपर्यंत तो पायात बसतो.

आणि खांदे. हा विषय जरा बाजूला घेऊन बोलायला हवा. चाळिशीनंतर, विशेषतः साखर असलेल्यांचे खांदे आखडतात, हे इथे बसलेल्या डॉक्टरांना सांगायला नको. आमच्यातल्या तिघांना हात कानापर्यंत नेता येत नव्हता. दिवसभर फायलींवर नाहीतर कीबोर्डवर वाकलेलं शरीर, छाती आत, पोट पुढे. हा नाच म्हणजे त्यावरचा इलाज, असा दावा आम्ही करणार नाही. ज्यांचे खांदे दुखतात त्यांनी आधी डॉक्टरकडेच जावं. पण दोन्ही हात पूर्ण पसरून, छाती उघडी ठेवून, दहा माणसांसमोर उभं राहायचं, हे काम त्रेसष्टच्या काकूंनी चौथ्या शनिवारी केलं. त्या म्हणाल्या, आजवर खांद्यावर पदर सावरत होते, आज पहिल्यांदा तो मागे पसरून बघतेय. आम्ही पुरुष गप्प बसलो. आम्हांला सावरायला पदर कधी नव्हताच.

मराठीत या एका कापडाचा पसारा बघा. पदर खोचून कामाला लागायचं, पदर पसरून मागायचं, पदरमोड करून पोरं शिकवायची, पदरी पडलं ते गोड मानायचं, मुलीला पदर आला की घरात कुजबुज सुरू. बाईच्या आयुष्याचे निम्मे व्यवहार या साडेतीन हात कापडाच्या नावानं चालतात. मात्र तो हवेत उडवण्यासाठी वाक्प्रचार नाही. ‘पदर ढळणे’ आहे, आणि तो दोष आहे.

आता मुख्य हरकत. बैठकीत एका ज्येष्ठ सभासदांनी विचारलं, आणि त्यांचा आदर ठेवूनच सांगतो, की गणपतीपुढे हे? आणि त्यात पुरुष?

पुरुषांचं उत्तर पेडण्यात आहे. आपल्यापैकी निम्म्यांची मुळं पेडणे, डिचोली नाहीतर पलीकडे सावंतवाडी-वेंगुर्ल्याची. जत्रेतला दशावतार आपण मांडीवर झोपून पाहिलेला आहे. मुख्य आख्यानाआधी गणपती येतो, त्याच्याबरोबर रिद्धी-सिद्धी येतात आणि नाचतात. त्या रिद्धी-सिद्धी कोण? साडी नेसलेले पुरुष. मृदंग आणि झांजेवर, देवळापुढच्या मांडवात, भटजींच्या आणि गावकऱ्यांच्या देखत. आणि पहाटेपर्यंत तोच नट राणी होऊन पदराच्या टोकानं डोळे पुसतो, पदर दातात धरून लाजतो, रागावला की फाडकन खांद्यावर टाकतो. दिवसा तो शेतात किंवा दुकानात असतो. पदर कसा बोलतो हे ज्यांना पक्कं माहीत आहे ती माणसं आपल्या शेजारच्या तालुक्यात आहेत, आणि ती पुरुष आहेत. डिचोलीच्या घोडेमोडणीतही पुरुष कमरेला कापडानं सजवलेला घोडा बांधून नाचतात, आणि सगळा घोडा कमरेवरच चालतो. इजिप्तमध्येही हे नवं नाही. 1834 साली मुहम्मद अलीनं कैरोतून नाचणाऱ्या बायकांना हद्दपार केलं, तेव्हा तिथे पुरुषच तो नाच करू लागले. बालगंधर्वांच्या साडीची नक्कल ज्या घरांतल्या बायकांनी केली, त्या घरांनी तरी यावर नाक मुरडू नये.

राहिला गणपती. लंबोदर नाव घेतलेल्या, सोंड वळवून नाचत्या मुद्रेत देवळादेवळांत कोरलेल्या देवाला पोटाचं वावडं असेल असं आम्हांला वाटत नाही. एवढंच.

पण खरी हरकत ही नव्हतीच. ती हळू आवाजात, बैठक संपल्यावर जिन्यात आली. ‘आपल्याकडे नाचणारी बाई म्हटलं की लोक काय समजतात, ठाऊक आहे ना?’ ठाऊक आहे. गोव्यात राहणाऱ्याला ते ठाऊक असायलाच हवं. देवळांशी बांधलेल्या कलावंत घराण्यांतल्या मुलींचा शेंस विधी व्हायचा, मग गाणं आणि नाच हा त्यांचा ठरलेला धंदा, आणि कोणापुढे गायचं, कोणाकडे जायचं हे ठरवणारे दुसरे. त्या समाजातल्या माणसांनीच पुढे होऊन हे बंद पाडलं. राजाराम पैंगीणकरांचं ‘मी कोण?’ हे आत्मचरित्र आपल्या वाचनालयात असेल तर जरूर वाचा. मुलींना शिकवलं, लग्नं लावली, गोमंतक मराठा समाज उभा केला. त्या घरांनी नाच सोडला तो अगदी योग्य कारणासाठी. त्याच मातीतून केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर मोठ्या झाल्या. गाणं मान मिळवून परत आलं. नाच मात्र तसा परत आला नाही. देखणीच्या गाण्यात ती नाचणारीण अजून नावाड्याला विनवते आहे, आणि 1973 च्या ‘बॉबी’नं ती चाल साऱ्या देशाला ऐकवली.

आम्हांला यातून एक गोष्ट दिसली ती सांगतो. त्या काळी वाईट काय होतं? कमरेची लय वाईट नव्हती. ‘नको’ म्हणायचा हक्क बाईकडे नव्हता, ते वाईट होतं. तमाशात गौळणी येतात त्या डोक्यावर पदर घेऊन, पाठ फिरवून. त्या वळल्या की मग दिसायचं. ओढणीचा नाच त्याच गोष्टीवर उभा आहे. ओढणी चेहऱ्यापुढे धरायची, मागे न्यायची, अंगाभोवती गुंडाळायची, सोडायची, आणि काय कधी दिसायचं हे फक्त नाचणारी ठरवते. सहा मिनिटं. बघणाऱ्याला घाई करता येत नाही. आमच्या सहाजणींना हेच आवडलं. पोशाखही त्यांनीच ठरवला: पूर्ण बाह्या, लांब झगे, कमरेला घुंगरांचा पट्टा. पोट कुठेच उघडं नाही. असतं तरी तो निर्णय त्यांचाच असता, हेही इथेच सांगून ठेवतो, म्हणजे पुढच्या वर्षी पुन्हा पाऊण तास जायला नको.

एक सभासद आज मंचावर नाहीत. सहा महिने शिकल्या, आम्हां सगळ्यांपेक्षा चांगल्या नाचतात. घरून संमती नाही. त्यांचं नाव आम्ही घेणार नाही. त्यांची ओढणी विंगेत घडी करून ठेवली आहे; त्यांच्या साडीचा दुसरा अर्धा भाग आमच्यातल्या एकीच्या हातात असेल.

आता दोन विनंत्या आणि मग जागा मोकळी करतो. पहिली मोबाइलची. आमच्यापैकी चौघींनी व्हिडिओ नको म्हटलं आहे. कोण कोण ते सांगणार नाही, म्हणून कोणाचाच काढू नका. घरच्यांना दाखवायचा असेल तर घरच्यांना इकडे बोलवा, अजून सात-आठ मिनिटं आहेत, सांत इनेजहूनसुद्धा पोहोचता येईल.

दुसरी पंख्यांची. उकडतंय हे आम्हांलाही कळतं. पण वरचे चारही पंखे सहा मिनिटांसाठी बंद करावे लागतील. पंख्याच्या वाऱ्यात ओढणी ऐकत नाही, आणि गेल्या महिन्यात एक पात्यात अडकली होती. बटणं दाराजवळ उजव्या हाताला आहेत. तिथे उभ्या असलेल्या कार्यकर्त्यांनी कृपया बंद करावीत.