दिवेघाट सोडा, लोणंद गाठा



वैशाख सरत आला की नाहूरच्या माझ्या दवाखान्यात एक ठरावीक संवाद सुरू होतो. "डॉक्टर, यंदा वारीला जाऊन यावं म्हणतो." कुठून कुठपर्यंत? "पुणे ते सासवड. एकच दिवस. दिवेघाट झाला की परत." मग जरा हळू आवाजात, "एखादी दुखण्याची गोळी लिहून ठेवा ना."

गोळीचं नंतर पाहू. आधी मी त्या दिवसाबद्दल भांडतो, आणि आज तुमच्याशीही तेच भांडण करणार आहे.

माऊलींची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून निघते आणि आषाढ शुद्ध दशमीला पंढरपुरात पोचते. या सगळ्या वाटचालीत पुणे ते सासवड हा टप्पा सर्वांत लांब आहे, तीस किलोमीटरच्या वर. हडपसरपर्यंत शहराचं तापलेलं डांबर, मग वडकी नाला, मग घाट. रथालासुद्धा त्या चढावर जादा बैलजोड्या जुंपाव्या लागतात. शिवाय तिथीचा हिशेब असा बसतो, की बहुतेक वर्षी हा चालीचा दिवस म्हणजे योगिनी एकादशी. म्हणजे सर्वांत लांब वाट, त्यात चढ, त्यात उपास. आणि एरवी लिफ्टने तिसऱ्या मजल्यावर जाणारा आमचा नाहूरकर नेमका हाच दिवस निवडतो, कारण त्याचे फोटो छान येतात. घाटात वर पोचेपर्यंत त्याचं लक्ष फक्त स्वतःच्या टाचेवर असतं. पालखी कुठून गेली, शेजारची म्हातारी काय म्हणत होती, काही आठवत नाही.

म्हणून माझा सल्ला सरळ आहे. तीनच दिवसांची रजा मिळत असेल तर घाट सोडा आणि पुढे लोणंद गाठा. पुणे–मिरज मार्गावर लोणंदला रेल्वे स्टेशन आहे, एसटीही आहे. जेजुरीचा भंडारा, नीरेच्या पात्रातलं पादुकांचं स्नान हे सगळं मागे टाकून पालखी तोवर सातारा जिल्ह्यात आलेली असते. दुपारी ती लोणंद सोडते आणि तरडगावला मुक्कामाला जाते. अंतर जेमतेम आठ-दहा किलोमीटर. वाटेत चांदोबाचा लिंब, जिथे वारीतलं पहिलं उभं रिंगण होतं. रिंगणात धावणारे दोन अश्व बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीहून, शितोळे सरकारांकडून येतात. एकावर पताका घेतलेला स्वार असतो, दुसऱ्याची पाठ मोकळी, तो माऊलींचा. दुसऱ्या दिवशी तरडगाव ते फलटण वीसेक किलोमीटर. तोवर अंग चालीला लागलेलं असतं, म्हणून ते जमतं. तिसऱ्या दिवशी वाटलं तर बरडपर्यंत जा, नाहीतर फलटणहून एसटी पकडा. दोन्ही बाजूंना शेतं, पाऊस झाला असेल तर पेरण्या सुरू, बांधावर बायका पाण्याचे हंडे घेऊन उभ्या. हा गावाकडचा रस्ता म्हणजेच वारी, असं माझं मत आहे. पुण्यातली गर्दी ही तिची वेस.

आता पायांबद्दल. आषाढीला अजून दीड महिना आहे, तेवढा पुरेसा आहे. उद्यापासून रोज तीन-चार किलोमीटर चाला आणि दर आठवड्याला थोडं वाढवा. द्रुतगती मार्गापलीकडे भांडुप पंपिंग स्टेशनचा रस्ता सकाळी मोकळा असतो. चढाच्या सवयीसाठी मुलुंडचा योगी हिल चढून उतरा. पोटऱ्या भरतील, भरू द्या. शेवटच्या दोन आठवड्यांत शनिवार आणि रविवार, असं लागोपाठ दोन दिवस बारा-पंधरा किलोमीटर चालून पाहा. पहिल्या दिवशी कुणीही चालतो. खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी ठणकत्या पायांनी उठण्याची असते.

वारीसाठी म्हणून नवे बूट घेऊ नका. घ्यायचेच असतील तर आज घ्या आणि पावसात भिजवून वापरा. पट्ट्यांची मजबूत सँडलही चालते, ती लवकर वाळते. तुटली तर वाटेत फुकट शिवून देणारे कारागीर बसलेले असतात. ती त्यांची सेवा. सकाळी निघताना बोटांच्या बेचक्यांत आणि जांघेत खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावा, म्हणजे घासत नाही. मुक्कामाला पोचलात की पाय धुऊन बेचक्या कोरड्या करा, नाहीतर चिखल्या होतात. फोड आला तर वरची कातडी सोलू नका. तीच तुमची मलमपट्टी. लहान फोड तसाच ठेवून वर पट्टी लावा, मोठा झाला तर वैद्यकीय पथकाकडून स्वच्छ सुईने रिकामा करून घ्या. त्यात सुईदोरा ओवून ठेवणारे भेटतील. प्रेमानं नाही म्हणा.

आणि ती गोळी. उपाशीपोटी, घाम गाळत, पाणी कमी पिऊन घेतलेली दुखण्याची गोळी जठराला आणि मूत्रपिंडाला महागात पडते. म्हणून मी ती सहसा लिहून देत नाही. रात्री कुणी गावकरी तेल लावून पाय चेपून देतो म्हणाला तर संकोच न करता पुढे करा.

मधुमेह असेल त्यांनी दोन गोष्टी पाळायच्या. अनवाणी चालायचं नाही, मग नवस काहीही असो. पायांची जाणीव कमी झालेली असते आणि खडा रुतलेला रात्रीपर्यंत कळत नाही. दुसरं, रोजचा डोस आणि एवढी चाल यांचा मेळ आधी आपल्या डॉक्टरांकडून घालून घ्या. चालताना साखर उतरते. हात थरथरले, दरदरून घाम आला, की लगेच साखर तोंडात टाका. ती खिशात हवी, ट्रकमधल्या बॅगेत नको.

बायकांना वेगळं सांगते. फिरती शौचालये आता वाटेवर असतात, तरी रांग पाहून आपण पाणीच कमी पितो. मग उन्हाळी लागते, ताप येतो आणि तिसऱ्या दिवशी वारी संपते. पाणी प्या. रांगेत उभं राहावं लागलं तर राहा.

एकट्यानं जावं की दिंडीतून? कुठल्याच दिंडीत नसलेल्यांचा मोकळा समाजही वारीत भरपूर चालतो. पण नवख्यानं दिंडीच धरावी. वर्गणी भरली की जेवण, राहुटी, सामानासाठी ट्रक, सगळं होतं. आणि शिस्त आपोआप लागते. ही शिस्त हैबतबाबा आरफळकरांची. सन १८३२ च्या सुमारास त्यांनी माऊलींच्या पालखीचा हा सोहळा घालून दिला, आणि रथापुढे कोण, रथामागे कोण हा क्रम आजही मोडत नाही.

ही शिस्त पाहायची असेल तर संध्याकाळच्या समाजआरतीला दमला असलात तरी तळावर जा. हजारो टाळ एकाच वेळी वाजत असतात, शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. चोपदार दंड वर करतात आणि आवाज थांबतो. एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर तेवढीच टाळ वाजवत राहते. चोपदार तिच्याकडे जातात, गाऱ्हाणं ऐकतात. मग हरवलेल्या-सापडलेल्या वस्तू पुकारल्या जातात, उद्या कधी निघायचं ते सांगतात आणि आरती होते. एवढा जनसमुदाय लाउडस्पीकरशिवाय गप्प होऊ शकतो, हे आपल्या गल्लीतल्या गणेशमंडळांना दाखवायला हवं!

परत आलात की लोक विचारणारच, कसं झालं? ते कसं सांगावं हे कळायला दोन गोष्टी आधी वाचून जा: इरावती कर्वे यांचा 'वाटचाल' हा लेख आणि दि. बा. मोकाशींचं 'पालखी'. दोघांनीही भाबडेपणा केला नाही. बाई वारीत रमल्या, पण एकाच दिंडीत ब्राह्मण आणि मराठे वेगळे जेवतात हेही त्यांनी लिहून ठेवलं. सांगावं तर असं. तुम्ही किती किलोमीटर चाललात यात घरच्यांना दोन मिनिटंच रस असतो. शेजारी चालणारी बाई कुठल्या गावची, घरी पेरणी कुणावर सोपवून आली, तिनं तुम्हाला काय विचारलं, हे रोज रात्री चार ओळींत टिपून ठेवा. फोटो काढण्याआधी विचारा. आंघोळीच्या जागी आणि झोपलेल्यांचा तर काढूच नका. आणि गावांबद्दलही खरं सांगा. पालखी पुढे गेल्यावर पत्रावळ्या, पेले आणि चिखल उचलायला तेच गावकरी उरतात, ज्यांनी तुम्हाला जेवू घातलं. आपला कचरा आपल्या पिशवीत ठेवा, मग ती गोष्ट सांगताना मान खाली जाणार नाही.

एकाला मात्र न विसरता सांगायचं, ते म्हणजे तुमच्या डॉक्टरांना. वारीहून आल्यावर तीन-चार आठवड्यांत ताप आला, अंग आणि पोटऱ्या ठणकल्या, डोळे लाल झाले, तर ती चालीची कणकण समजून अंगावर काढू नका. साचलेल्या पाण्यातून, चिखलातून, जखमी पायांनी चालल्यावर लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो. वेळेत कळला तर तो औषधांनी बरा होतो. डॉक्टरांसमोर बसल्याबरोबर पहिलं वाक्य हेच बोला: मी वारीत चालून आलो, पायाला फोड होते आणि चिखलातून गेलो होतो.