कोर्टात आपल्या नावाने कोण बोलतं?

(हिंजवडी येथील बैठकीत केलेलं भाषण)

मैत्रिणींनो, आयटी पार्क आलं तशा हिंजवडीतल्या जमिनी गेल्या आणि खोल्या उभ्या राहिल्या. आज कितीतरी जणींचं घर खोलीभाड्यावर चालतं, गटाचा हप्ताही त्यातूनच जातो. भाडेकरू चार महिने भाडं देईना, खोलीही सोडेना, की खोल्या लावून देणारा एजंटच म्हणतो, “ताई, वकिलाचा खर्च कशाला? मुखत्यारपत्र द्या, कोर्टाचं मी बघतो.” लगेच स्टॅम्प पेपरवर सही होते, पैसेही जातात.

सही करण्याआधी एवढं ऐका. १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टप्रमाणे दुसऱ्यासाठी वकिली करायचा हक्क सनद असलेल्या वकिलालाच आहे. सनद नसताना ती केली तर कलम ४५ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. मुखत्यारपत्र म्हणजे फसवणूकच, असंही नाही. मुलगा किंवा भाऊ मुखत्यार म्हणून तुमच्या वतीने अर्ज देऊ शकतो, तारखेला हजर राहू शकतो. पण वकिलासारखी बाजू मांडणं त्यात येत नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाने नॅशनल रेयॉन कंपनीच्या खटल्यात सुमारे सत्तर वर्षांपूर्वीच सांगितलंय. कोर्ट एखाद्याला खास परवानगी देऊ शकतं, पण ती मागावी लागते.

साक्षीचं तर आणखी अवघड. सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली सांगितलं, की जी गोष्ट मालकालाच माहीत आहे तिची साक्ष मुखत्याराने देऊन चालत नाही. भाडं किती ठरलं, डिपॉझिट किती घेतलं, हे तुम्ही बोलला असाल तर कोर्टात तुम्हीच सांगायचं. एजंट काय सांगणार!

आपल्यात भाड्याने राहणाऱ्या बहिणीही आहेत. त्यांचा धोका जास्त, कारण डोक्यावरचं छप्परच जातं. दिवाणी दाव्याचं समन्स हातात पडलं की लेखी म्हणणं द्यायला साधारण ३० दिवस मिळतात. एजंटाचा कागद कोर्टाने घेतला नाही, तरी दिवस मोजणं काही थांबत नाही.

म्हणून वकीलपत्रावर सही करताना वकिलाचा सनद क्रमांक बघा. महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे त्याची नोंद असते. “केस टाकलीय” असं कोणी म्हटलं तर सीएनआर नंबर मागा. तो १६ अक्षर-अंकी असतो, ई-कोर्टच्या ॲपवर टाकला की पुढची तारीख दिसते. गटातल्या शिकलेल्या मुली दोन मिनिटांत बघून देतील. नंबर द्यायला टाळाटाळ झाली, तर काय ते समजा.

आणि वकिलाच्या खर्चाचं म्हणाल, तर १९८७ च्या विधी सेवा कायद्याच्या कलम १२ प्रमाणे बाईला मोफत वकील मिळतो. उत्पन्नाची अट नाही, मालकीण असो की भाडेकरू. १५१०० वर फोन करा, किंवा शिवाजीनगर कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. जाताना करारनामा, भाड्याच्या पावत्या, आलेली नोटीस आणि आधार कार्ड घ्या. एजंटाला आधीच मुखत्यारपत्र दिलं असेल, तर त्याची प्रतही न्या आणि ते रद्द कसं करायचं तेही तिथंच विचारा.