मोटारीच्या पत्र्याचा सांधा

घोडनदीच्या कांठचें शिरूर आणि भीमेच्या कांठचें दौंड हे दोन्ही तालुके पर्जन्यछायेंतले. पाऊस थोडा, तेव्हां गंजाचें भय तें काय, असें तेथील वाहनमालकांस वाटणें स्वाभाविक आहे. परंतु गंजाला मुसळधार पाऊस लागत नाहीं. टिकून राहणारी ओल पुरते. उसाच्या फडांतून हिंडणाऱ्या गाडीच्या दाराखालील पोकळ पट्टींत चिखल सांचतो, आणि बाहेर ऊन कडक असलें तरी आंतून पत्रा पोखरला जातो.

मग सडका भाग कापून नवा तुकडा जोडतात, वर पुट्टी व रंग चढतो, आणि थोड्याच काळांत त्याच जागीं फोड येतात. हा दोष बहुधा सांध्याच्या न दिसणाऱ्या बाजूचा असतो. जस्त ४२० अंश सेल्सियसला वितळतें व सुमारें ९०७ अंशांस त्याची वाफ होते. पोलाद वितळावयास १४०० अंशांहून अधिक उष्णता लागते. म्हणजे सांधा जुळण्यापूर्वींच भोंवतालचें जस्ताचें व रंगाचें कवच नाहींसें झालेलें असतें.

शिरूर तालुक्यांत रांजणगांव येथें मोटारी तयार होतात. आधुनिक कारखान्यांत सबंध सांगाडा रंगाच्या कुंडांत बुडवून विजेच्या प्रवाहानें कानाकोपऱ्यांत थर बसवितात. गांवच्या कारागिराजवळ असें कुंड नसतें. तेंच काम त्यानें हातानें, पण क्रमानें करावयाचें असतें.

प्रथम बॅटरी सोडावी, गाद्या व गालिचा काढावा, इंधनाची टांकी व नळ्या दूर कराव्या, कांचा झांकाव्या. गंज चकाकणाऱ्या धातूपर्यंत कापून टाकावा. एकमेकांवर बसणाऱ्या पृष्ठांवर जस्तयुक्त प्रायमरचा पातळ हात द्यावा. मात्र टांका पडावयाची जागा स्वच्छ ठेवावी. पत्रा बहुधा एक मिलिमीटरहून पातळ; म्हणून सलग न जोडतां दूरदूर लहान टांके घालून मधून मधून थंड होऊं द्यावें, नाहींतर तो वांकतो. जस्ताच्या धुरानें कांहीं तासांनीं थंडी-ताप भरतो, यास्तव काम मोकळ्या हवेंत करावें.

नंतर टांके घासून जळका थर काढावा, दोन्ही बाजूंस एपॉक्सी प्रायमर द्यावा आणि फटींत सीलर भरावा. पुट्टी ओल शोषते. ती उघड्या लोखंडावर कधींहि लावूं नये. शेवटीं, रंग वाळल्यावर, पोकळींत पातळ मेण फवारावें व पाणी निघून जाण्याचीं छिद्रें मोकळीं ठेवावीं.

ही पट्टी केवळ शोभेची नाहीं. बाजूनें धडक बसल्यास तिचा भार पेलण्यांत हिचाहि वाटा असतो, आणि आंत माणसें बसलेलीं असतात. म्हणून मालकानें रंगाची चकाकी पाहण्यापूर्वीं, पुट्टी चढण्याआधींच, एकदां दुकानांत जावें आणि सांध्याची पाठ पाहावयास मागावी. नेटकें काम करणाऱ्या कारागिरास ती दाखविण्यांत संकोच वाटणार नाहीं.