कागदावरची खाली

हे आजच्या भागाचं शब्दांकन. मी जिथे तबल्यावर वाजवून दाखवलं आहे तिथे चौकटी कंसात तसं लिहिलंय. वाचताना तेवढे बोल तोंडाने म्हणून बघा, नाहीतर अर्धी गंमत जाईल.

मागच्या भागानंतर एका श्रोत्यांनी विचारलं होतं, "तबल्यात एम. ए. करतात म्हणजे नक्की काय करतात? तबल्यात नवीन रचना करायची म्हणजे मात्रांचा हिशेब जुळवायचा, एवढंच ना?" प्रश्न रास्त आहे. मला राग वगैरे आला नाही, कारण एम. ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना माझंही उत्तर हेच होतं.

आधी हिशेबाचंच सांगते, म्हणजे तो किती सोपा आहे ते कळेल. तिहाई घ्या. एक तुकडा तीनदा वाजवायचा, मध्ये दोनदा थांबायचं आणि शेवटचं अक्षर समेवर आणायचं. तीनतालाच्या सोळा मात्रा आणि पुढची सम धरून झाल्या १७. मग पाच मात्रांचा तुकडा आणि एक मात्रा विश्रांती घेतली तर ५, १, ५, १, ५. बेरीज १७. तीन मात्रांचा तुकडा घेतलात तर चार मात्रा थांबा. ३, ४, ३, ४, ३. पुन्हा १७. सातवीतलं पोरही हे करेल. आम्हाला ताललेखन शिकवतात तेव्हा सुद्धा असंच वाटतं की सगळं कागदावर मावतंय. भातखंडे पद्धतीत समेला फुली आणि खालीला शून्य. पलुस्कर पद्धतीत समेला एक आणि खालीला अधिकचं चिन्ह. परीक्षेच्या आदल्या रात्री ती फुली आणि ते अधिक यांची गल्लत होते, तेवढीच काय ती अडचण.

तर आम्हाला स्वतःची एक रचना करून सादर करायची होती. मी कायदा करायचं ठरवलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कायदा म्हणजे तबल्यातली विस्तार करता येणारी रचना. एक मूळ ओळ असते, तिला मुख म्हणतात. त्या मुखातलेच बोल उलटेपालटे करून पलटे करायचे, बाहेरचा बोल आत आणायचा नाही. शेवट तिहाईने. मुखाचे दोन भाग, पहिला भरीचा आणि दुसरा खालीचा. दिल्ली घराण्याचा जो कायदा आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक क्लासात पहिल्या वर्षी शिकवतात, तोच बघा:

धा धा ति ट धा धा ती ना
ता ता ति ट धा धा धी ना

[दोनदा वाजवून दाखवला आहे.]

मी टेबलाशी बसून, वही उघडून, तीन संध्याकाळी खपून माझं मुख लिहिलं. आठ मात्रा, मात्रेत चार अक्षरं:

तिटकत तिरकिट तकतिर किटतक
तिटतिट कततिर किटधाऽ तिरकिट

खालीला फक्त 'धा'चा 'ता' केला. पलटे लिहिले अकरा. तिहाईचा हिशेब चोख. मार्गदर्शकांनी वही बघितली आणि 'छान' असा शेरा मारला. मी खुशीत रविवारी गुरुजींकडे गेले.

गुरुजी तेव्हा सत्तरीच्या पुढे होते. ऐकताना हातावर ताल धरायचे. मी मुख वाजवलं, ते टाळी देत राहिले. दुसऱ्यांदा वाजवलं. तिसऱ्यांदा वाजवताना त्यांनी हात खाली ठेवला आणि म्हणाले, "अगं, खाली कुठे आली?"

मी म्हटलं, "गुरुजी, नवव्या मात्रेवर."

"ते मला माहीत आहे. कानाला कुठे आली?"

मला काही कळेना. मी पुन्हा वाजवायला लागले, तशी त्यांनी थांबवलं. "हिशेब बरोबर आहे तुझा. वहीत शून्य काढलंयस तेही बरोबर. पण डोळे मिटून ऐकणाऱ्याला भरी कुठली, खाली कुठली हे सांगता येईल का? नाही ना? मग हा कायदा कसला?"

त्या दिवशी घरी येताना बसमध्ये मला रडू आलं, हे कबूल करते. पण त्यांचं म्हणणं काय होतं ते नीट समजून घेऊ, कारण आजच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे.

भरी आणि खाली यांच्यातला फरक डग्ग्याच्या गुंजनाचा आहे. 'धा' म्हणजे उजव्या हाताचा 'ता' आणि डाव्या हाताचा 'गे' एकदम. खालीला आपण डाव्याची आस काढून घेतो. 'धा'चा 'ता' होतो, 'धी'चा 'ती', 'गे'चा 'के'. कानाला वाटतं की जमीन थोडी पायाखालून गेली, आणि पुढच्या 'धा'ला ती परत आली. आता माझं मुख पुन्हा बघा. तिट, कत, तिरकिट, तक. सगळे बंद बोल. 'क' डग्ग्यावरच वाजतो, पण दाबून. त्यात काढून घेण्यासारखी आसच नाही. बत्तीस जागांमध्ये उघडा 'धा' एकच. खालीला मी काय काढणार होते?

[दोन्ही ओळी वाजवल्या आहेत. फरक ओळखता येतो का बघा.]

म्हणजे रचना आकड्यांची असली तरी ती आवाजाच्या सामानातून होते. हे फक्त गुरुजनांचं मत आहे असंही समजू नका. सी. व्ही. रामन यांनी १९२० साली 'नेचर'मध्ये आपल्या चर्मवाद्यांवर टिपण लिहिलं आणि पुढे १९३०च्या दशकात सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. साध्या, सगळीकडे सारख्या जाडीच्या गोल पडद्यावर आघात केला तर त्याचे वरचे स्वरांश मूळ कंपनाच्या १.५९ पट, २.१४ पट असे आडनिडे येतात. म्हणून साध्या ढोलाचा स्वर पक्का सांगता येत नाही. आपल्या वाद्यांवर मधोमध शाई असते. तिच्या वजनामुळे हे स्वरांश दुप्पट, तिप्पट अशा पूर्णांकांच्या जवळ येतात, आणि तबला षड्जाला लावता येतो. बोट शाईवर पडलं, लवेवर पडलं की चाटेवर पडलं, उचललं की तिथेच दाबून ठेवलं, यावर कुठले स्वरांश वाजतील ते ठरतं. तबल्याचे बोल म्हणजे या निवडीची नावं.

आणि नावं फसवी असतात. 'धीना'मधला 'ना' तर्जनीने चाटेवर, खणखणीत. 'गदिगन'मधला 'न' बंद. लिहिताना जवळपास तेच अक्षर. 'तिट'चंच बघा. दिल्लीच्या बाजात 'ति' एकट्या मधल्या बोटाने आणि 'ट' तर्जनीने. पूरबकडच्या हातात 'ति'ला मधल्या बोटाबरोबर शेजारची बोटंही येतात. कागदावर दोन्हीकडे 'तिट'. आवाज वेगळा, वजन वेगळं, दुगुणीत हात कुठवर टिकेल तेही वेगळं. यालाच आपण निकास म्हणतो. लेखनपद्धती मात्रा सांभाळते, निकास तिच्यातून निसटतो.

या विषयावरचा माझा आवडता अभ्यास लखनौचा आहे. जेम्स किप्पन हे संशोधक १९८०च्या दशकात तिथे उस्ताद आफाक हुसेन खाँसाहेबांकडे तबला शिकत होते. त्यांनी बर्नार्ड बेल यांच्याबरोबर 'बोल प्रोसेसर' नावाचा संगणक कार्यक्रम वापरला. कल्पना अशी की कायद्याचं व्याकरण लिहायचं, ते संगणकाला द्यायचं आणि पलटे त्याच्याकडून करून घ्यायचे. मग ते पलटे वादकांपुढे ठेवायचे. काही पसंत पडायचे, काही नापसंत. नापसंत पडले की व्याकरणात कुठला नियम लिहायचा राहिला ते शोधायचं, आणि पुन्हा सुरुवात. मला यात सगळ्यात मोलाचं वाटतं ते नापसंतीला दिलेलं स्थान. उस्तादांची मान नकारार्थी हलली, ती त्या अभ्यासातली नोंद ठरली. माझ्या मार्गदर्शकांनी नुसती वही बघितली होती. मान हलवणारं त्या खोलीत कुणीच नव्हतं, कारण तबलाच वाजला नव्हता.

असो. मी मुख पुन्हा केलं. या वेळी वही बाजूला ठेवून, तबल्यावर. तिट आणि तिरकिट ठेवले, कारण ते माझ्या हातात होते. कत, तक काढून 'धागे' आणलं. शेवट 'तीनाकीना'ने केला, म्हणजे खालीकडे जाताना ओळ मोकळी होईल:

धाऽतिट धागेतिर किटधाऽ तिटधागे
तिरकिट धाऽतिट धाऽधागे तीनाकीना

ताऽतिट ताकेतिर किटताऽ तिटताके
तिरकिट धाऽतिट धाऽधागे धीनागीना

[बराबर आणि दुगुणीत वाजवला आहे.]

आता भरीत 'धा' सात वेळा आहे. खालीत सुरुवातीला डावा गप्प होतो आणि दुसऱ्या अर्ध्यात परत येतो. डोळे मिटून कळतं. गुरुजींनी ऐकलं आणि म्हणाले, "हं. आता हा कायदा आहे. चांगला आहे का, ते दहा वर्षं वाजवून मग तूच मला सांग."

दहा वर्षं व्हायच्या आत गुरुजी गेले.

त्यांच्या वह्या माझ्याकडे आल्या. तीन जाड वह्या. कायदे, रेले, गती, चक्रदार. काही पानांवर अमीर हुसेन खाँसाहेबांच्या म्हणून टिपून ठेवलेल्या बंदिशी. खाँसाहेब मुंबईत राहिले, शिकवलं आणि विपुल रचना केल्या, आणि आपल्याकडच्या कितीतरी हातांत त्या आहेत. मला वाटलं, केवढी ठेव मिळाली! पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं की जे मी त्यांच्यासमोर बसून शिकले होते तेच मला वाजवता येतंय. उरलेलं नुसतं वाचता येतंय. 'धिरधिर' लिहिलंय, पण त्याच्या आधीचा 'ट' कुठल्या बोटाने घेतला म्हणजे पंजा वेळेवर वळतो, ते लिहिलेलं नाही. त्यांना लिहायची गरज नव्हती. त्यांच्या हातात ते होतं.

म्हणून गेली दोन वर्षं मी एक काम करतेय. वहीतली एकेक बंदिश घेऊन माझ्या वडीलधाऱ्या गुरुबंधूंकडे जाते, त्यांना वाजवायला लावते, वरून हातांचं चित्रण करते आणि प्रत्येक अक्षराखाली बोट लिहिते. एका गतीत दोन गुरुबंधूंचं 'तिट' जुळेना. एक म्हणतात गुरुजींनी असंच शिकवलं, दुसरे म्हणतात छे, असं. दोघंही खरं बोलतायत. एक त्यांच्याकडे आधी शिकले, दुसरे वीस वर्षांनी. गुरुजींचाच हात मध्ये बदलला असणार. मी दोन्ही लिहून ठेवलंय. कुठला बरोबर हे ठरवायचं धाडस माझ्यात नाही.

तर ज्यांनी प्रश्न विचारला त्यांना सांगते: एम. ए.ने मला प्रश्न विचारायची आणि नोंद ठेवायची शिस्त दिली. त्या शिस्तीशिवाय आज हे वह्यांचं काम मी केलंच नसतं. पण रचना बरी झाली की नाही, हे मला एका माणसाने टाळी देणारा हात थांबवून सांगितलं. दोन्ही लागतं.

ऐकणाऱ्यांत तबल्याचे विद्यार्थी असतील तर एवढंच करा. या आठवड्यात गुरूंकडून जी बंदिश घ्याल, तिच्या अक्षरांखाली बोटं लिहा. विसरणार नाही असं वाटतं, पण विसरतो. आणि स्वतःचं मुख केलंत तर घरातल्या कुणाला तरी डोळे मिटून बसवा आणि विचारा, खाली कुठे आली?

माझ्या कायद्याला यंदा नववं वर्ष आहे. चांगला आहे का, ते अजून ठरायचंय.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.