गंजाचा खरा अर्थ

दौंड जंक्शनांत वापरांत नसलेल्या रुळावर तांबूस गंज चढतो. नित्य वापरांतल्या रुळाचा माथा मात्र चकाकत असतो. गंज तेथेंही धरतो, पण चाकें त्यास टिकूं देत नाहींत. ओलावा मिळतांच लोखंडाचा हवेंतील प्राणवायूशीं संयोग होतो; हें ऑक्सिडीकरण. लाव्हाझिए या फ्रेंच शास्त्रज्ञानें १७७७ सालीं ज्वलनाचा उलगडा केला, तोही अशाच संयोगानें.

परंतु एवढ्यानें अर्थ पुरा होत नाहीं. शिरूरकडचा जाणता डाळिंब-बागाइतदार मोरचूद व चुना यांचें बोर्डो मिश्रण करतो, तेव्हां त्यांत स्वच्छ लोखंडी विळा बुडवून पाहतो. पात्यावर तांबडा थर बसला, तर चुना कमी पडला. तसेंच फवारल्यास कोंवळी पानें करपतात. हा थर तांब्याचा. येथें प्राणवायूचें कांहीं काम नाहीं! लोखंडाचा एकेक अणु दोन-दोन इलेक्ट्रॉन सोडून द्रवांत उतरतो आणि ते इलेक्ट्रॉन घेऊन मोरचुदांतील तांबें पात्यावर बसतें. इलेक्ट्रॉन गमावणें हेंच ऑक्सिडीकरण. मिळविणें तें क्षपण. नांवांत ऑक्सिजन उरला तो केवळ जुन्या ओळखीमुळें. चुना पुरेसा पडला म्हणजे विरघळलेलें तांबें सांक्यांत बांधलें जातें आणि विळा होता तसा बाहेर येतो.