दान सर्वांचे, जीवदान कोणाचे?

(सार्वजनिक वाचनालयाच्या व्याख्यानमालेत संपादकांनी केलेले भाषण)



अवयवदानाचा विषय निघाला की आमचे वक्ते दधीची ऋषींच्या आश्रमात जातात आणि तेथेच मुक्काम ठोकतात. मला मात्र आज तुमच्यापुढे शिबी राजाचा तराजू ठेवावयाचा आहे. शरण आलेल्या कबुतरासाठी त्या राजाने पारड्यात स्वतःचे मांस घातले, म्हणून ती पुण्यकथा झाली. त्याच तराजूच्या दुसऱ्या पारड्यात नोटांची पुडकी पडली की तिचाच खाटीकखाना होतो. दान आणि धंदा यांच्यामधली ही रेघ कोणी पुसली आणि ती पुन्हा ठळक कशी करावयाची, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

प्रथम शास्त्राकडे पाहू. 1954 साली बोस्टन येथे डॉ. जोसेफ मरे यांनी एका जुळ्या भावाचे मूत्रपिंड दुसऱ्याच्या शरीरात यशस्वीपणे बसविले. 1967 च्या डिसेंबरात केपटाऊनला डॉ. ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी मानवी हृदयाचे रोपण केले. आणि त्यानंतर तीन महिने उलटण्यापूर्वीच, 1968 च्या फेब्रुवारीत, मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी तीच शस्त्रक्रिया करण्याचे धाडस केले. रोगी काही तासच जगला. तरीही हे रुग्णालय महापालिकेचे होते, कोणा धनिकाचे नव्हते, ही गोष्ट तुम्ही ध्यानात ठेवा. या देशात या विद्येने आपली आरंभीची पावले गोरगरिबांच्या रुग्णालयात टाकली. आज ती कोठे जाऊन बसली आहे, हा माझा प्रश्न आहे.

टंचाई तेथे काळा बाजार

विद्या वाढली आणि तिच्या मागोमाग दलाल आला. चेन्नईत मूत्रपिंड विकलेल्या 305 माणसांची एक पाहणी 2002 साली प्रसिद्ध झाली. शंभरातल्या 96 जणांनी कर्ज फेडण्यासाठी मूत्रपिंड विकले होते. कर्ज फिटले काय? नाही! बहुतेकांच्या डोक्यावर ते तसेच राहिले, कुटुंबाचे उत्पन्न सुमारे एक-तृतीयांशाने घटले आणि शंभरातल्या 86 जणांची प्रकृती पूर्वीपेक्षा खालावली. ‘विकणाऱ्याचा फायदा, घेणाऱ्याचाही फायदा’ असे म्हणणाऱ्या पंडितांनी हे आकडे भिंतीवर लावून ठेवावेत.

संसदेने 1994 साली मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा केला. तो आरंभी ज्या तीन राज्यांना लागू झाला, त्यांत महाराष्ट्र आणि गोवा ही दोन होती. अवयवाचा सौदा करणाऱ्याला आज 5 ते 10 वर्षे कारावास आणि 20 लाखांपासून 1 कोटीपर्यंत दंड सांगितला आहे. परंतु रेशनच्या दिवसांत साखरेचे काय होत असे, ते येथील वडीलधाऱ्यांना स्मरत असेल. टंचाई आहे तोवर काळ्या बाजाराला मरण नाही. टंचाई दूर करण्याचा सभ्य मार्ग एकच, आणि तो म्हणजे मृत्यूनंतरचे दान.

त्या बाबतीत आपली स्थिती काय आहे? 2023 या सबंध वर्षात या अफाट देशात मरणोत्तर अवयवदाते निघाले 1,099. दर दहा लाख लोकांमागे एकही नाही. स्पेनमध्ये त्याच वर्षी ही संख्या दहा लाखांमागे 48 हून अधिक होती. तेथील माणसे आपल्याहून पुण्यवान आहेत असे नव्हे. तेथे कायदा 1979 चाच होता. दाने वाढली ती 1989 मध्ये राष्ट्रीय यंत्रणा उभी राहिल्यावर. रुग्णालयारुग्णालयांत या कामासाठी शिकविलेला डॉक्टर नेमला गेला आणि तो योग्य वेळी, योग्य शब्दांत कुटुंबाला विचारू लागला.

मृताचे दान नसले की भार जिवंतावर येतो. जिवंतांमध्ये तो कोणावर येतो? 1995 ते 2021 या काळात देशात झालेल्या 36,640 प्रत्यारोपणांपैकी 29 हजारांहून अधिक पुरुषांसाठी झाली. जिवंत दात्यांमध्ये मात्र बहुसंख्या स्त्रियांची! नवरा कर्ता म्हणून वाचवावयाचा, मुलगा वंशाचा दिवा म्हणून वाचवावयाचा, आणि बायकोचे व आईचे देणे मात्र गृहीत धरावयाचे. भगिनींनो, याला दान म्हणावे की वसुली, हे तुम्हीच ठरवा.

मरण कोण ठरवतो?

‘डॉक्टर अवयवांच्या लोभाने माणूस लवकर मेला असे ठरवतील’ ही भीती अनेकांच्या मनात आहे. ती हसण्यावारी नेऊ नये. तिला उत्तर द्यावे. बेशुद्धी वेगळी आणि मस्तिष्कस्तंभाचा मृत्यू वेगळा. बेशुद्ध माणूस शुद्धीवर येऊ शकतो, पण मस्तिष्कस्तंभ मृत झालेला परत येत नाही. यंत्राच्या श्वासावर त्याचे हृदय काही काळ चालत राहते, इतकेच. हा निर्णय एकटा डॉक्टर करीत नाही. चार डॉक्टरांचे मंडळ किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करते आणि अवयव बसविणाऱ्या पथकातला कोणीही त्या मंडळात बसू शकत नाही. नातलगांनी या दोन्ही तपासण्यांविषयी निःसंकोच विचारावे. तो त्यांचा अधिकार आहे.

आणखी एक अधिकार अनेकांना ठाऊकच नाही. 2014 च्या नियमांप्रमाणे मस्तिष्कमृत घोषित झाल्यानंतर देह राखण्याचा, अवयव काढण्याचा, टिकविण्याचा आणि नेण्याचा खर्च दात्याच्या कुटुंबावर टाकता येत नाही. मुलगा दिला आणि वर बिलही आले, असे कोठे घडले तर तो नियमभंग होय. तेथे गप्प बसू नका, जाब विचारा!

देणारा जनरल वॉर्डात, घेणारा स्पेशल खोलीत

आता मूळ दुखण्याकडे येतो. रस्त्यावरच्या अपघातात गेलेला तरुण पुष्कळदा मोलमजुरी करणाऱ्याच्या घरचा असतो. त्याच्या मातेने हृदयावर दगड ठेवून होकार द्यावा, आणि त्या होकाराचे फळ मात्र ज्याला लाखांचा खर्च पेलेल त्यालाच मिळावे, यात न्याय कसला? शस्त्रक्रियेनंतरची औषधे जन्मभर घ्यावी लागतात. ती परवडली नाहीत तर मिळालेले मूत्रपिंडही हातचे जाते. देणाऱ्यांच्या रांगेत सर्व आणि घेणाऱ्यांच्या रांगेत थोडे, असे दिसू लागले तर उद्या देणारेही उरणार नाहीत.

महात्मा फुले जनआरोग्य योजनेत मूत्रपिंडरोपणाची मर्यादा अडीच लाखांवरून साडेचार लाख करण्याचा निर्णय 2023 मध्ये झाला. त्याच वर्षी ही योजना सीमाभागातील 865 गावांना देण्याचेही महाराष्ट्र शासनाने ठरविले. निर्णयाचे स्वागत आहे, पण त्याची कसोटी रोग्याच्या खाटेपाशी लागेल. राज्याचा रहिवासी असल्याखेरीज प्रतीक्षायादीत नोंदणी नाही, ही अट काढून टाकण्यास केंद्राने 2023 मध्ये राज्यांना सांगितले, हेही योग्यच झाले. नकाशावरची रेघ मूत्रपिंडाला कळत नाही.

म्हणून आपल्या मागण्या तीन असाव्यात. पहिली, अतिदक्षता विभाग असलेल्या प्रत्येक सरकारी रुग्णालयाची अवयव काढण्याचे केंद्र म्हणून नोंदणी व्हावी; त्यासाठी तेथे रोपणाची सोय असण्याची गरज नाही, कायदा तशी मुभा देतो. दुसरी, रोपणानंतरची औषधे सरकारी रुग्णालयांतून गरिबाला विनामूल्य मिळावीत. आणि तिसरी आपल्या सीमाभागाच्या जिव्हाळ्याची आहे. शोकाकुल मातेला तिच्या स्वतःच्या भाषेत समजावणारा समन्वयक हवा आणि संमतीपत्र मराठीतही हवे. जे वाचता येत नाही त्याखाली उठविलेला अंगठा म्हणजे संमती नव्हे.

सरकारकडे मागताना आपल्या घराकडेही पाहू. नेत्रदानाला अतिदक्षता विभाग लागत नाही, मोठा पैसा लागत नाही, वयाचीही आडकाठी नाही. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत नेत्र काढले जावे लागतात, म्हणून नेत्रपेढीला लगेच कळवावे. तोवर पंखा बंद करावा, पापण्या मिटवून त्यांवर ओला कापूस ठेवावा आणि डोके उशीवर थोडे उंच ठेवावे. नेत्रपेढीची माणसे घरी येऊन थोड्या वेळात काम उरकतात, चेहरा विद्रूप होत नाही. कन्नड चित्रपटांचे नायक डॉ. राजकुमार यांचे नेत्रदान 2006 साली झाले. 2021 साली त्यांचे चिरंजीव पुनीत गेले आणि त्यांच्या नेत्रांनी चौघांना दृष्टी दिली. भाषेचा वाद भाषेच्या जागी. शेजाऱ्याचा हा गुण आपण मोकळ्या मनाने घ्यावा.

शेवटी एकच विनंती. खिशात दानपत्र ठेवून काम भागत नाही. प्रसंगी घरच्यांनाच विचारले जाते, आणि ज्यांनी तुमच्या तोंडून काही ऐकलेले नाही ते त्या घटकेला ‘नको’च म्हणतात. म्हणून आज रात्री पानावर बसाल तेव्हा हा विषय काढा. ‘असले अभद्र बोलू नका’ असे कोणी म्हणेल. तरीही बोला आणि आपली इच्छा स्पष्ट सांगा.